जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड घेताना दोरी सगळ्यात शेवटी ओढा

प्रश्न बडोद्याच्या दांडिया बाजार भागातल्या एका मंडळाचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, त्यानंतर मंडळाने स्वतःची बोट ठेवायचं ठरवलं. चार मीटरची, हवा भरायची रबरी बोट मिळाली आहे. तिला सेकंडहँड १५ एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून आवळायचं इंजिन, हवं आहे. एक यामाहा अलंगच्या व्यापाऱ्याकडे आहे, दुसरं वेरावळच्या दलालाकडे. दोघांनीही व्हिडिओ पाठवलेत आणि दोघंही ‘एका दोरीत चालू’ म्हणतात, म्हणजे सुरू करायची दोरी एकदा ओढली की इंजिन चालू. काय तपासायचं आणि कुठलं घ्यायचं?

व्हिडिओत दिसतंय ते खरंही असेल. पण एका दोरीत चालू होणं ही या इंजिनाची सगळ्यात सोपी परीक्षा आहे आणि विकणारा नेमकी तीच करून दाखवतो. टू-स्ट्रोकला स्पार्क, पेट्रोल आणि जेमतेम कॉम्प्रेशन मिळालं की ते फटफटायला लागतं. कार्बोरेटर चोंदलाय, प्लग गेलाय, कॉइल कमजोर आहे, असले दोष थोडक्यात निस्तरतात. आरएक्स-१०० या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलवर हात बसलेला जुना मिस्त्रीसुद्धा ते काढून देतो. पैसे बुडतात ते तीन जागी: थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेत, खालच्या गिअरबॉक्समध्ये म्हणजे लोअर युनिटमध्ये, आणि सिलिंडर-रिंगमध्ये. ड्रममधल्या दोन मिनिटांच्या व्हिडिओत यातलं काहीच दिसत नाही. आणि आपल्या मोटारसायकलच्या मिस्त्र्याला यातलं तिसरंच कळतं, पहिली दोन त्याने कधी उघडलेली नसतात.

आधी नग कुठून आला ते बघा, कारण दोन्हीकडचे आजार वेगळे असतात.

अलंगला तोडायला आलेल्या जहाजांवरच्या रेस्क्यू बोटी आणि त्यांची आउटबोर्डं खाड्यांवर, म्हणजे जहाजाच्या सामानाच्या तिथल्या उघड्या दुकानांत, विकायला येतात. सोलास या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाजावरच्या रेस्क्यू बोटीचं इंजिन दर आठवड्याला किमान तीन मिनिटं चालवावं लागतं. त्यामुळे अशा इंजिनाचे एकूण तास फार कमी भरतात, गिअर आणि पंखा (बोट ढकलणारा प्रोपेलर) जवळजवळ कोरे असतात. पण वर्षानुवर्षं ते थंडच सुरू झालेलं आणि थंडच बंद झालेलं असतं. न जळलेलं तेल रिंगांच्या खाचांत चिकटून बसतं, कार्बोरेटरमध्ये पिवळा चिकट थर धरतो, आणि इम्पेलरच्या, म्हणजे थंड करणारं पाणी वर ढकलणाऱ्या चाकाच्या, रबरी पाकळ्या एकाच बाजूला वाकून तशाच कडक होतात. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे.

वेरावळ, मांगरोळ, जाफराबाद इकडचं मशीन मच्छीमाराचं. ते खाऱ्या पाण्यात राबलेलं असतं. पोट त्याच्यावर चालतं, म्हणून देखभाल बरी असते, पण तासांना सुमार नसतो. यात एक गोष्ट आधीच विचारून घ्या: मशीन पेट्रोलचं आहे की केरोसीनचं? यामाहाच्या मॉडेलनावात ‘ईके’ अशी अक्षरं असतील तर ते केरोसीनचं. ते पेट्रोलवर चालू करून गरम झाल्यावर केरोसीनवर टाकायचं असतं, त्याचं कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेलं असतं आणि कार्बन भरपूर धरतो. वर्षातून चार दिवस, तेही घाईत लागणाऱ्या बोटीला ते नको.

आता पाटी. यामाहात मॉडेल आणि सीरियल नंबरची पाटी बोटीला आवळायच्या ब्रॅकेटवर असते. पाटी खरवडलेली किंवा नव्याने रिबिट मारलेली असेल तर पुढे बोलूच नका. झाकणावरच्या ‘१५’ या स्टिकरवर विश्वास ठेवू नका: यामाहाचं जुनं ९.९ आणि १५ एचपी दोन्ही २४६ सीसीच्या एकाच ब्लॉकवर आहेत, फरक मुख्यतः कार्बोरेटरकडच्या भागात आहे, आणि स्टिकर बाजारात मिळतं. पाटीवरच्या मॉडेलच्या शेवटी एस असेल तर शॉर्ट शाफ्ट म्हणजे इंजिनाचा पाय आखूड, एल असेल तर लाँग. शॉर्टला बोटीचा मागचा फळा १५ इंच उंच लागतो, लाँगला २० इंच. रबरी बोटीचा फळा बहुधा १५ इंचीच असतो, तरी टेप लावून मोजा. लाँग शाफ्ट शॉर्ट फळ्यावर लावलं तर पाच इंच जास्त खोल जातं. पुराच्या पाण्यात गल्लीतला दुभाजक आधी त्यालाच लागणार. बोटीवर जास्तीत जास्त किती एचपी चालेल याचीही पाटी असते, ती वाचल्याशिवाय १५ चा हट्ट धरू नका.

बाहेरून बघताना चकचकीत नवा रंग दिसला की सावध व्हा, विशेषतः लोअर युनिट किंवा सिलिंडर हेडभोवती. जुना, फिका पडलेला, पण फोड न आलेला मूळ रंग शंभर पटीने बरा. हेडच्या कडेला आणि थर्मोस्टॅटच्या झाकणाभोवती रंगाखाली फोड आणि पांढरी भुकटी असेल तर मीठ आतून बाहेर येतंय. कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात त्या पंख्यावरच्या आडव्या पट्टीखाली झिंकचा तुकडा असतो, तो पाण्यात स्वतः झिजून बाकीचं ॲल्युमिनियम वाचवतो. तो अर्धा झिजलेला असेल तर छान, त्याने काम केलंय. मुळीच नसेल किंवा त्याच्यावर रंग मारलेला असेल तर त्याचं काम गिअरकेसने केलंय. इंजिन डावी-उजवीकडे फिरवून बघा, वर उचलून बघा. खाऱ्या पाण्यातल्या मशीनचा स्टिअरिंगचा सांधा जाम होतो, आणि तो मोकळा करायला कधीकधी दिवस जातो.

गिअर ऑइलवर वेळ घालवा. मशीन आदल्या रात्रीपासून उभं ठेवायला सांगा. पाणी शिरलेलं असेल तर ते तळाशी बसतं. सकाळी खालचा स्क्रू अर्धा आटा सैल करा: पहिले थेंब पाण्याचे आले तर पाणी अडवणारं रबरी सील गेलेलं आहे, शंका नको. मग बाटली लावून वरचा स्क्रूही काढा आणि सगळं उतरवा. ऑइल दुधाळ म्हणजे पाणी मिसळून घुसळलं गेलंय. खालच्या चुंबकी स्क्रूवर काळी मऊ पेस्ट चालते, ती गिअरची रोजची झीज आहे. बोटाला टोचणारे तुकडे चालत नाहीत. आणि दहा वर्षं जुन्या, मळलेल्या मशीनमधून सोनेरी स्वच्छ ऑइल निघालं तर त्यातून काहीच कळत नाही, ते कालच भरलंय. अशा वेळी पाण्यावर अर्धा तास चालवून पुन्हा बघायचं. भरताना एसएई ९० हायपॉइड गिअर ऑइल खालच्या भोकातून दाबत वर येईपर्यंत भरतात, मग आधी वरचा स्क्रू लावतात आणि नंतर खालचा. वरून ओतलं तर हवा अडकते आणि अर्धंच भरतं.

पंखा काढायला लावा. पिन, नट, वॉशर, दोन मिनिटांचं काम. आतल्या वॉशरमागे मासेमारीची नायलॉन दोरी गुंडाळलेली असेल तर तीच सील कापते. शाफ्टला डोळा लावून एकाने पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवावा. टोक गोल गोल हलताना दिसलं तर शाफ्ट वाकलाय, आणि वाकलेला शाफ्ट नवीन सीलही महिन्यात खातो. स्केग म्हणतात तो खालचा पातळ पर थोडा तुटलेला असणं चालतं, पण तो जितका वर तुटलाय तितका शाफ्ट जास्त नीट तपासा.

यानंतरची मागणी ऐकून विकणारा तोंड वाकडं करेल, तरी करा: लोअर युनिट खाली उतरवून दाखव. या आकाराच्या इंजिनात मोजके बोल्ट आणि गिअरची सळी सोडवली की ते खाली आलं पाहिजे. खाऱ्या पाण्यातल्या, वर्षानुवर्षं न उघडलेल्या मशीनमध्ये ड्राइव्हशाफ्टचं, म्हणजे इंजिनाची ताकद खाली नेणाऱ्या उभ्या दांड्याचं, दात्यांचं टोक वरच्या क्रँकशाफ्टमध्ये गंजून एकजीव झालेलं असतं, आणि मग काहीही केलं तरी ते सुटत नाही. सुटत नाही म्हणजे इम्पेलर कधीच बदलता येणार नाही. हे कळण्याची दुसरी वाट नाही. उतरलं तर वरचे दाते बघा, त्यांच्या कडा चौकोनी असाव्यात, ते झिजून टोकदार झालेले नसावेत. इम्पेलरचं झाकण उघडा: पाकळ्या लवचीक आहेत का, किती शाबूत आहेत, खालच्या स्टीलच्या पट्टीवर नखाला लागतील असे चरे आहेत का. पाकळी तुटलेली असेल तर तो तुकडा कुठे गेला हा प्रश्न विचारा. तो बहुधा वरच्या पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो आणि नवीन इम्पेलर टाकूनही इंजिन तापतच राहतं. विकणारा काहीच उघडू देत नसेल तर इम्पेलर, सील, गॅस्केट आणि मजुरी हे सगळं लागणारच असं धरून भाव करा.

आता वरचा भाग. दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. दोन्ही सारख्या तपकिरी रंगाचे असावेत. एक काळा ओला आणि दुसरा अगदी धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर त्या स्वच्छ सिलिंडरमध्ये हेड गॅस्केटमधून पाणी जातंय, वाफेने तो धुतला जातोय. हा दोष विकणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसतो. त्या भोकातून मोबाइलला जोडायचा स्वस्त बोरस्कोप, म्हणजे वायरच्या टोकाचा बारीक कॅमेरा, सोडून सिलिंडरची भिंत बघा. उभे चरे किंवा चिकटलेलं ॲल्युमिनियम दिसलं तर मशीन एकदा जाम होऊन पुन्हा मोकळं केलेलं आहे.

कॉम्प्रेशनसाठी प्लगच्या वायर अर्थ करा, नाहीतर ठिणगी देणारं सीडीआय युनिट जळू शकतं. किल स्विचची (इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सुई थांबेपर्यंत, साधारण पाच-सहा वेळा, दोरी ओढा. आकडा गेजनुसार बदलतो, इंजिनानुसार बदलतो. पेट्रोलच्या या मशीनला शंभरच्या वर पीएसआय असेल तर समाधान, नव्वदच्या खाली असेल तर भाव पाडा. पण त्याहून महत्त्वाचा आहे दोन सिलिंडरमधला फरक. तो दहा टक्क्यांच्या आत हवा. ११५ आणि ११० हे उत्तम, १२५ आणि ९५ हे नको. अलंगच्या मशीनमध्ये दोन्ही आकडे सारखेच कमी आले तर लगेच नाकारू नका. चिकटलेल्या रिंगा कार्बन सुटा करणाऱ्या स्प्रेने आणि तासभर ओझ्यावर चालवल्याने पुष्कळदा मोकळ्या होतात. वेरावळच्या मशीनमध्ये तेच आकडे म्हणजे खरी झीज.

यानंतर दोरी. हात लावून बघा, मशीन थंड आहे ना. तुम्ही पोचायच्या आत गरम करून ठेवलेलं असेल तर चहा प्या, तासभर थांबा. ड्रममध्ये पाणी गिअरकेसवरच्या पाणी घेणाऱ्या जाळीच्या चांगलं वर हवं, आणि कोरडं एक सेकंदही चालवू देऊ नका. ‘फक्त ऐकवतो’ म्हणून कोरडं चालवणाऱ्याने याआधीही पाकळ्या तशाच खाल्ल्या असणार. गिअर टाकलेला असताना चालू होता कामा नये. चालू झाल्यावर काही सेकंदांत मागून पाण्याची धार पडली पाहिजे, सलग आणि जोरात. पण धार पडते म्हणजे पंप चालतोय, एवढंच. हेडच्या आतल्या मिठाने भरलेल्या वाटांबद्दल ती काही सांगत नाही. म्हणून हजार-बाराशे रुपयांचा लेझर थर्मामीटर न्या. दहा मिनिटांनी दोन्ही सिलिंडरच्या वर हेडचं तापमान ५० ते ७० अंशांच्या दरम्यान स्थिर हवं आणि दोन सिलिंडरमध्ये फार फरक नको. आकडा चढतच राहिला आणि ऐंशीच्या पुढे गेला की बंद करा. या लहान मशीनना तापल्याची शिट्टी नसते. सरळ जाम होतात. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उलटं थुंकत असेल तर मिश्रण आत घेणाऱ्या रीड व्हॉल्व्हची पत्ती तुटली किंवा वाकली आहे.

शेवटची परीक्षा खऱ्या पाण्यात, दोन माणसांच्या वजनासह. ड्रममध्ये ओझं नसतं, तिथे झिजलेला गिअरही शहाण्यासारखा वागतो. पूर्ण थ्रॉटलवर पाच मिनिटं चालवा. गिअर खटकन बाहेर पडला तर आतल्या क्लचचे दाते गोल झालेत. इंजिन किंचाळतंय पण बोट ओढत नाही, तर पंख्याच्या आतलं रबरी बूश सरकतंय, हे मात्र स्वस्त आहे. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर लावून बघा, बहुतेक अशा इंजिनांचा पूर्ण थ्रॉटलचा पट्टा ४५०० ते ५५०० आरपीएम असतो. खूप कमी आला तर पंख्याची पिच (एका फेऱ्यात तो पुढे सरकायचं अंतर) जास्त आहे किंवा इंजिनात दम नाही. एक इंच पिच कमी केली की साधारण दीड-दोनशे आरपीएम वाढतात. हे सगळं विक्रेत्याच्या बंदरात करा. मशीन बडोद्यात आल्यावर करायचं म्हटलं तर जागेचाच प्रश्न येतो. आजवा तलावाचं पाणी शहर पितं, आणि टू-स्ट्रोक त्याच्या पेट्रोल-तेलाचा बराचसा भाग न जळताच पाण्यात सोडतं. विश्वामित्रीत चाचणी घ्यायची कल्पना कुणाला सुचलीच तर मगरींचंही मत घ्या. सिंधरोटजवळ मही किंवा चांदोदला नर्मदा, तीही परवानगी घेऊन. १८ जानेवारी २०२४ च्या हरणी तलावाच्या दुर्घटनेनंतर बडोद्यात विनापरवाना बोटीकडे कुणी काणाडोळा करेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि तसा कुणी करूही नये. इंजिनाच्या बोटींची नोंदणी इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ खाली येते. मशीन घेण्याआधीच अग्निशमन दलाशी आणि जिल्हा प्रशासनाशी बोलून घ्या. पुरात तुमची बोट त्यांच्या सांगण्यावरूनच निघाली पाहिजे.

बिलावर सीरियल नंबर, मॉडेल आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. जहाजाचं असेल तर खाड्याचं जीएसटी बिल मागा.

पेट्रोलबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या मशीनला खरा धोका पुरापेक्षा पुराच्या आधीच्या अकरा महिन्यांचा आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं ई२० पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत पुरेसं पाणी जमलं की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. टू-स्ट्रोकचं तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीची नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनाला तेलाशिवायचं पाणी-इथेनॉल जातं, आणि पहिल्याच पुराला पिस्टन जाम. शिवाय जुने रबरी पाइप आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा ई२० ने फुगतात. मशीन आणल्याबरोबर पेट्रोलचे सगळे पाइप, दाबायचा फुगा, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचं किट इथेनॉलला टिकणारं घाला. पेट्रोल-तेलाचं मिश्रण टाकीत साठवायचं नाही. दर वेळी चाचणी झाली की पेट्रोलचा पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू उघडून उरलेलं सांडून घ्या.

तेल टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचंच घ्या. स्कूटरचं २टी चालत नाही: ते जास्त तापणाऱ्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, त्यातल्या धातूच्या घटकांची राख इथे प्लगवर आणि रिंगांवर साचते. प्रमाण मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक अशा यामाहांना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, पाच लिटरला १००. रिंगा-पिस्टन नवे टाकले तर पहिले दहा तास २५ ला १, लिटरला ४० मिली. जास्त तेल घातलं की जास्त सुरक्षित, हा समज सोडा. जास्त तेल म्हणजे तेवढं पेट्रोल कमी, मिश्रण पातळ, आणि वर प्लग काळे.

दोघांपैकी कुठलं? दोन्ही तपासणीत पास झाली तर अलंगचं घ्या, थोडं महाग असलं तरी. कमी तासांचे गिअर आणि न झिजलेला सिलिंडर पुन्हा मिळत नाही. रबर आणि कार्बोरेटर मिळतात. पण अलंगच्या मशीनचं लोअर युनिट उतरत नसेल किंवा हेड तापत असेल, तर वेरावळचं झिजलेलं पण मोकळं मशीन निवडा. यामाहाचे सुटे भाग सौराष्ट्राच्या बंदरांत सहज मिळतात, म्हणून तिसरा कुणी स्वस्तात दुसऱ्या कंपनीचं मशीन दाखवलं तर आधी इम्पेलर किटचा भाव विचारा आणि किती दिवसांत मिळेल ते विचारा. उदाहरणार्थ, इव्हिनरूड आउटबोर्डांचं उत्पादन २०२० मध्येच बंद झालंय.

पुराच्या कामासाठी आणखी काही गोष्टी. पाण्यात माणसं असतील तिथे पंख्याला जाळीचा गार्ड लावा. वेग थोडा जाईल, पण रस्सी धरून लोंबकळणाऱ्या माणसाचे पाय वाचतील. माणूस आत ओढताना इंजिन न्यूट्रलमध्ये नाही, बंद. किल स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला असलीच पाहिजे. पुराच्या पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्या पाणी घ्यायच्या जाळीवर बसतात. धार बारीक झाली की ताबडतोब बंद करून इंजिन वर उचला आणि जाळी मोकळी करा. गाळाच्या पाण्यात इम्पेलर लवकर झिजतो, म्हणून प्रत्येक पुरानंतर तो बदलायचाच, चांगला दिसला तरी. बोटीत नेहमी ठेवायचं: दोन प्लग (बी७एचएस-१०, फट १.० मिमी), प्लगचा पाना, पंख्याची पिन आणि नट, राखीव किल क्लिप, सुरू करायची जादा दोरी आणि दोन वल्ही.

एरवी महिन्यातून एकदा, मे ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी, ड्रममध्ये दहा मिनिटं चालवा, जहाजावरच्यासारखी तीन नाही. हेड पन्नासच्या वर गेलं पाहिजे, तरच आतला ओलावा उडतो. त्या दिवशी एक लिटर ताजं मिश्रण बनवा, कॅनवर तारीख लिहा. उरलेलं तीन आठवड्यांत कुणाच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये संपवून टाका.